बंद पेटीचा सारथी

बंदराचे वर्णन करणारी लेखणी सहसा जहाजापाशी थांबते. फार झाले तर ती धक्क्यावरच्या उंच यारीपर्यंत येते, कप्तानाविषयी, नाखव्याविषयी, हमालाविषयी चार शब्द लिहिते आणि मिटते. परंतु जहाजातून उतरलेला माल धक्क्यावर मुक्काम करण्यासाठी आलेला नसतो. तो कुणाच्या तरी कारखान्यात, गोदामात, दुकानात जावयाचा असतो, आणि त्या अखेरच्या वाटेवर त्याचा भार बहुधा एकाच माणसावर असतो. तो माणूस म्हणजे मालमोटारीचा चालक. रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यातील न्हावा शेवा येथे 26 मे 1989 रोजी जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. तेथील रस्त्यावर घटकाभर उभे राहिले तर या व्यवसायाचा विस्तार डोळ्यांत भरतो. लांबच लांब ट्रेलर, त्यांवर लोखंडी कंटेनर आणि केबिनमध्ये उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, पंजाब अशा दूरदूरच्या प्रांतांतून आलेली माणसे. मोटार चालविणे त्यांना येतेच. मात्र बंदरात येणाऱ्या चालकाचे काम मोटार चालविण्याहून बरेच निराळे आहे, आणि ते कोणी नीट सांगत नाही.

हे निराळेपण समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे. आजचा कंटेनर ज्याच्या खटपटीतून जगभर रूढ झाला, तो माल्कम मॅक्लीन हा अमेरिकन गृहस्थ मूळचा मालमोटारीचा चालकच होता. त्याने स्वतः पुढे सांगितल्याप्रमाणे 1937 साली कापसाच्या गासड्या घेऊन तो होबोकेनच्या धक्क्यावर आला आणि एकेक गासडी उतरून जहाजात चढेपर्यंत दिवसभर ताटकळत राहिला. माल उतरविण्याऐवजी मोटारीचा सांगाडाच उचलून जहाजावर ठेवता आला तर किती बरे होईल, असा विचार तेव्हा त्याच्या मनात आला. त्याला मूर्त रूप यावयास जवळजवळ दोन दशके लागली. 26 एप्रिल 1956 रोजी 'आयडियल एक्स' हे जहाज 58 पेट्या घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे निघाले. भारतात कंटेनर आला तो 1973 साली, कोचीन बंदरात.

म्हणजे कंटेनरचा जन्म एका चालकाच्या ताटकळण्यातून झाला. त्याने जहाजाचे ताटकळणे संपविले. चालकाचे किती संपविले ते पुढे पाहूच. मात्र एक गोष्ट त्याने मुळापासून बदलली. पूर्वी चालकाच्या डोळ्यांदेखत माल चढे. गासडी फाटली, पिंप गळू लागले, ओझे एका अंगाला गेले, तर ते त्याला दिसे. आता त्याच्या हाती येते ती बंद, मोहोरबंद पेटी. आत काय आहे, कसे रचले आहे, किती वजनाचे आहे, यांतले त्याने काहीच पाहिलेले नसते. पण एकदा ती ताब्यात घेतल्याची सही झाली की वाटेत जे होईल त्याचा पहिला जाब त्यालाच द्यावा लागतो. म्हणून न पाहिलेल्या मालाची जोखीम डोळसपणे कशी पत्करावी, हेच बंदरातल्या चालकाने शिकावयाचे असते.

पहिली परीक्षा फाटकावर. निर्यातीच्या पेटीसाठी न्हावा शेव्यास फॉर्म 13 लागतो, आयातीच्या पेटीसाठी माल सोडल्याचे हुकूम लागतात. शिवाय चालकाचा स्वतःचा बंदर-प्रवेशाचा परवाना. आता यांतले बरेचसे संगणकावरून होते, त्यामुळे कागद कमी झाले. परंतु चूक मात्र आता फाटकावरच अडते आणि मागच्या सगळ्या रांगेला अडवते. बहुतेक चुका एकाच जागी होतात, पेटीच्या क्रमांकात. हा क्रमांक म्हणजे चार रोमन अक्षरे व सात आकडे. पहिली तीन अक्षरे मालकाची खूण, चौथे बहुधा 'यू', मग सहा आकड्यांचा क्रम आणि शेवटी चौकटीत एकटा बसविलेला आकडा. हा एकटा आकडा मोठा हुशार पहारेकरी आहे. आधीच्या प्रत्येक अक्षराला व आकड्याला त्याच्या जागेप्रमाणे 1, 2, 4, 8 असे दुपटीने वाढत 512 पर्यंत जाणारे गुणक लावतात, सर्वांची बेरीज करून तिला 11 ने भागतात, आणि जी बाकी उरते तीच हा आकडा. बाकी 10 उरली तर शून्य मांडतात. मध्ये एक आकडा चुकीचा लिहिला गेला तर हिशेब जुळत नाही आणि यंत्र पेटी ओळखण्यास नकार देते. चालकाने हे गणित करावे अशी कोणाचीच अपेक्षा नाही. त्याने फक्त शेवटच्या आकड्यासकट संपूर्ण क्रमांक पेटीवरून वाचावा, कागदावरून नव्हे, आणि मग कागदाशी ताडून पाहावा. उलट क्रमाने पाहणारा डोळा कागदावर वाचलेलेच पेटीवर पाहतो.

त्यानंतर सील. दाराच्या दांडीतून आरपार गेलेला जाड खिळ्यासारखा तो बोल्ट असतो. उच्च सुरक्षेच्या सीलवर 'एच' हे अक्षर कोरलेले असते. नुसते पाहून भागत नाही. हाताने ओढून व पिळून पाहावे, क्रमांक कागदाशी ताडावा, दांडीचे रिव्हेट नवे अथवा नुकतेच रंगविलेले नाहीत ना याकडे नजर टाकावी. कारण चोर पुष्कळदा सीलला हात न लावता दांडीच उतरवतो. शेवटी पेटीभोवती एक फेरी मारावी. खोक, भोक, वाकलेला खांब, गंजलेला कोपरा, ओला डाग, जे दिसेल ते पेटीच्या देवघेवीच्या पावतीवर लिहून घ्यावे आणि मगच सही करावी. मागे भोंगे वाजत असतात, शिपाई हात हालवून पुढे व्हा म्हणत असतो, त्या घाईत ही दोन मिनिटे मागून घेण्यास धीटपणा लागतो. परंतु सही झाल्यानंतर पाहिलेली खोक ही चालकाच्या ताब्यात पडलेली खोक ठरते.

आता लॉककडे वळावे. या सगळ्या विषयात जीव जाण्याचा संबंध जर कोठे सर्वांत निकटचा असेल तर येथे. कंटेनरच्या आठही कोपऱ्यांत ओतीव लोखंडाचे पोकळ ठोकळे असतात. ट्रेलरच्या सांगाड्यावर त्यांच्या मापाने लोखंडी गुडदे बसविलेले असतात. पेटी त्यांवर उतरली की मूठ काटकोनात फिरवावयाची, म्हणजे गुडद्याचे डोके आत आडवे होते आणि पेटी सांगाड्याशी जखडली जाते. याला सगळे ट्विस्ट लॉक म्हणतात. चाळीस फुटी एका पेटीला असे चार लॉक, वीस फुटी दोन पेट्यांना आठ. काम अर्ध्या मिनिटाचे, तरीही ते टाळले जाते. बंदराच्या आतल्या आत फिरणाऱ्या गाड्यांना बहुधा लॉक नसून केवळ कोपऱ्यांचे आडोसे असतात; त्या पाहून नव्या चालकाला वाटते की पेटी आपल्या भाराने बसून राहते. त्या गाड्या सपाट, आखीव आवारात संथपणे फिरतात हे त्याच्या ध्यानात येत नाही. दुसरे कारण अधिक चमत्कारिक आहे. पेटी उलटलीच तर ती एकटी पडावी, आपली गाडी व आपण तिच्याबरोबर ओढले जाऊ नये, म्हणून लॉक मुद्दाम उघडे ठेवावेत, असा एक समज काही चालकांत आढळतो. या हिशेबात वळणावर शेजारून जाणारा दुचाकीस्वार अथवा मोटारीतले कुटुंब धरलेलेच नसते. शिवाय हिशेबही खोटा आहे. मोकळी पेटी वळणावर किंचित सरकते, तिचा भार एका अंगाला जातो, आणि जी गाडी एरवी सावरली असती ती त्या सरकण्यानेच कलंडते.

लॉक लावणे जसे महत्त्वाचे तसेच ते योग्य ठिकाणी उघडणेही. आवारात चाकांवर फिरणारी यारी वरून पेटी उचलते. चारांपैकी एक लॉक लागलेला राहिला तर पेटीबरोबर ट्रेलरही उचलला जातो, आणि केबिनमध्ये बसलेला माणूस हवेत लोंबकळतो. म्हणून लॉक नेमून दिलेल्या जागीच, खाली उतरून, चारही बाजूंस जाऊन उघडावेत. रस्त्यावरच उघडून ठेवून दोन मिनिटे वाचविणे म्हणजे शेवटचे अंतर लॉकाविना काटणे होय. यारीखाली असताना काही बंदरांत केबिनमध्येच बसून राहण्याचा नियम आहे, काही ठिकाणी आखलेल्या चौकटीत यारीवाल्याच्या नजरेसमोर उभे राहण्याचा. तिसरी जागा नाही. गाडीच्या मागे जाऊन तंबाखू मळीत उभा राहिलेला चालक पन्नास फुटांवरच्या यारीवाल्यास दिसत नाही. पेटी उचलली जाऊ लागली की चारही कोपरे एकाच वेळी मोकळे झाले ना हे पाहावे, आणि ती पुरती वर जाईपर्यंत गाडी जागची हालवू नये.

पेटीचे वजन हा पुढचा प्रश्न. वीस फुटी रिकामी पेटी सव्वादोन टनांच्या आसपास भरते. भरलेली तीस टनांपर्यंत जाऊ शकते. बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. खोटे वजन सांगून पेट्या चढविल्याने जहाजांवर अपघात घडत, म्हणून 1 जुलै 2016 पासून जहाजावर चढणाऱ्या प्रत्येक भरलेल्या कंटेनरचे तपासलेले वजन आधी कळविण्याचे बंधन आंतरराष्ट्रीय नियमाने घातले गेले. हे बंधन जहाजाच्या काळजीने आले, तरी त्याचा लाभ रस्त्यावरील चालकानेही उठवावा. वजनाचा आकडा मागून घ्यावा, गाडीच्या नोंदणीपुस्तकातील मर्यादेशी तो ताडावा, आणि कागदावर दहा टन लिहिलेल्या पेटीखाली स्प्रिंगा चपट्या झालेल्या दिसल्या तर आधी काट्यावर जावे.

तथापि केवळ जड पेटी उलटत नाही. वेगाने वळलेली उलटते. वळणावर गाडीस बाहेरच्या अंगाला ढकलणारा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. ताशी 20 किलोमीटरने घेतलेले वळण ताशी 30 ने घेतले तर चालकाला वाटते की वेग दीडपट झाला. पेटीस मात्र जो धक्का बसतो तो सव्वादोनपट असतो. त्यातून दुसरा फसवा प्रकार असा की ट्रेलर आणि पुढचा इंजिनाचा भाग हे एका सांध्याने जोडलेले असतात. मागची आतली चाके जमीन सोडतात तेव्हा पुढे केबिनमध्ये बसलेल्यास काही जाणवत नाही. जाणवते तेव्हा फार उशीर झालेला असतो. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात शिरल्यावर ब्रेक दाबू नये. आतील माल हालता असेल, उदाहरणार्थ पेटीभर पिशवीत भरलेले तेल किंवा अर्धवट भरलेली पिंपे, तर ही खबरदारी आणखी वाढवावी. रिकाम्या पेटीची भीती उलट्या दिशेची. चाळीस फुटी पेटीची एक बाजू सुमारे 31 चौरस मीटरची, म्हणजे एखाद्या शिडासारखी, आणि तिचे वजन जेमतेम चार टन. पावसाळ्यातील वादळी वाऱ्यात खाडीवरच्या उघड्या पुलावर अशी पेटी वाहून नेणाऱ्याने पुलाच्या अलीकडे थांबण्यात कमीपणा मानू नये.

पेटीत काय आहे हे डोळ्यांना दिसत नसले तरी काही पेट्या ते स्वतः सांगतात. धोक्याच्या मालावर चौकोन कोनावर उभा करून काढलेली रंगीत चिन्हे असतात. अशा मालाचे नऊ वर्ग आहेत, आणि प्रत्येक पदार्थास चार आकडी क्रमांक आहे. 1203 हा आकडा दिसला की आत पेट्रोल आहे असे जगातील कोणत्याही बंदरात समजतात. असा माल नेण्यासाठी चालकाचे वेगळे प्रशिक्षण झालेले असावे लागते, आणि गळती वा आग झाल्यास काय करावे याचे पत्रक केबिनमध्ये असावे लागते. ते पत्रक चालकाला वाचता येणाऱ्या भाषेत असावयास हवे, पण वस्तुस्थिती वेगळी असेल तर चालकाने ते निघण्यापूर्वीच वाचून घ्यावे. मालाची माहिती दडली वा दुर्लक्षिली गेली म्हणजे काय होते हे मुंबईला कोणी सांगावयास नको. 14 एप्रिल 1944 रोजी व्हिक्टोरिया गोदीत उभ्या असलेल्या 'फोर्ट स्टिकीन' या जहाजात सुमारे 1,400 टन दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकत्र होत्या. आग कापसात लागली, स्फोट दारूगोळ्याचा झाला, आणि गोदीत व आसपासच्या वस्तीत शेकडो माणसे प्राणास मुकली.

याहून मुकाट असा एक धोका पुष्कळ चालकांना ठाऊक नसतो. धान्य, लाकूड, कापूस यांत कीड राहू नये म्हणून पेटीत विषारी धुरी देतात. तीपैकी मिथाइल ब्रोमाइड या वायूस वास जवळजवळ नसतोच. तेव्हा नाकावर विसंबून चालत नाही. दारावर कवटीचे चिन्ह वा धुरीची तारीख असेल तर पेटी उघडून हवा खेळल्यावाचून आणि जाणत्याने परवानगी दिल्यावाचून आत पाय टाकू नये. एरवीही दार उघडताना आधी उजवे, तेही हळूच आणि अंग बाजूला ठेवून उघडावे. प्रवासात ढासळलेला माल दारालाच टेकून उभा असतो.

थंड पेटीचा विषय थोडक्यात उरकता येईल. नाशिकची द्राक्षे परदेशी जातात ती सुमारे शून्य अंशावर. ही थंडी राखणारे यंत्र गाडीवर असताना जनित्रावर चालते, आणि जनित्रात डिझेल आहे की नाही हे चालकावाचून कोणी पाहत नाही. पेटीवर दिसणारे तापमान आणि कागदावरचे तापमान ताडताना उणे चिन्हाकडे लक्ष द्यावे. उणे अठराची मासळी आणि शून्यावरची द्राक्षे यांची अदलाबदल झाली तर दोन्ही फुकट जातात.

आता मॅक्लीनच्या ताटकळण्याकडे परत यावयास हवे. जहाज काही तासांत रिकामे होते, कारण त्याच्या प्रत्येक तासाला मोठी किंमत मोजावी लागते आणि ती कोण मोजणार हे करारात लिहिलेले असते. रांगेत उभ्या असलेल्या ट्रेलरच्या तासाची किंमत बहुतेक ठिकाणी कोणीच मोजत नाही. पुष्कळ चालकांचे उत्पन्न खेपेवर असते. रांग लांबली की खेप एकने कमी होते, आणि तेवढे पैसे घरी जात नाहीत. 1961 साली संसदेने मोटार वाहतूक कामगारांसाठी कायदा केला. त्यात दिवसाला आठ तास व आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही सर्वसाधारण मर्यादा घातली, पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा सांगितला. उद्देश चांगला होता. परंतु कामाच्या तासांची व्याख्या करताना थांब्यावर नुसते हजर राहण्याचा जो काळ तिने स्पष्ट शब्दांत कामात धरला, तो पंधरा मिनिटांहून कमी असणारा. पंधरा मिनिटांपलीकडे लांबलेल्या तिष्ठण्याबद्दल ती व्याख्या गप्प राहिली. बंदराच्या रांगेत पंधरा मिनिटांत आटोपते असे काय आहे?

या तिष्ठण्याचा आणि अपघाताचा संबंध सरळ आहे. रात्रभर एकेक गाडी पुढे सरकत राहते, म्हणून झोप लागू देता येत नाही. पहाटे पेटी हाती येते आणि गेलेला वेळ भरून काढण्यासाठी गाडी वेगाने निघते, नेमकी त्याच वळणांवर, ज्यांचा हिशेब वर आला. निर्यातीच्या पेटीला तर जहाजाची मुदत असते. फाटक बंद होण्याच्या आत ती पोहोचली नाही तर जहाज तिला सोडून जाते, आणि बोल चालकाला लागतो. चालकाने आपल्या परीने करावयाचे ते इतकेच की बोलावणे येण्यापूर्वी फाटकावर जाऊन गर्दी करू नये, वाहनतळ असेल तेथे गाडी लावून झोप घ्यावी, क्लीनर बरोबर असल्यास पाळी बांधून घ्यावी, आणि डुलकी आली तर गाडी रस्त्याच्या कडेला दिव्यांवाचून उभी करून ठेवू नये. रात्री अंधारात उभ्या असलेल्या ट्रेलरवर मागून आदळून मरणाऱ्यांत दुचाकीस्वार पुष्कळ असतात. बाकीचे मात्र चालकाच्या हातात नाही. गाडीने केव्हा यावे याची वेळ ठरवून देणे, रांगेपाशी पाणी, शौचालय व सावली असणे, आणि ताटकळलेल्या तासांचे पैसे देणे, ही कामे बंदराची, कंटेनर कंपन्यांची व मालवाल्यांची आहेत. वेगाची पाटी लावणे त्यांना नेहमीच सोपे वाटत आले आहे.

माल उतरला की खेप संपली असे समजणे ही नवख्यांची चूक. रिकामी पेटी आवारात परत करावयाची असते, किंवा निर्यातीसाठी दुसरी रिकामी पेटी उचलावयाची असते. रिकामी पेटी घेताना तीत पाणी शिरते की नाही हे पाहण्याची जुनी युक्ती अशी: आत उभे राहून दारे ओढून घ्यावीत आणि छताकडे व भिंतींकडे पाहावे, जेथून उजेड आत येईल तेथूनच पाऊसही येईल. मात्र आत जाण्यापूर्वी पेटीला धुरी दिलेली नाही याची खात्री करावी आणि दारापाशी क्लीनरला उभे करावे, नाही तर कोणी चुकून बाहेरून दांडी लावील. परत करताना आतला कचरा, फळ्या, खिळे काढून टाकावेत, ट्रेलरवरील दोन्ही बाजूंचे लॉक उघडावेत, आणि पेटी उतरल्यावर देवघेवीची पावती हातात आल्यावाचून आवार सोडू नये. पावतीवरची तारीख व वेळ तेथेच वाचून घ्यावी, कारण पेटी उशिरा परत केल्याचा आकार त्या क्षणापर्यंतच मोजला जातो.